सहीपुरता निश्चय

ता. १४, गुरुवार, सकाळ

प्रिय बबडीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. तुझ्या कॉलेजातून फोन आला होता. परीक्षेचं पुढे बघू म्हणाले.

काल तुझ्या कॉटशेजारी बसून मी धैर्यावर वीस मिनिटं बोललो. तू भिंतीकडे तोंड केलंस. नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, भाषण पुरे. दोन चमचे सूप पाजता आलं तर बघा." तेही जमलं नाही.

बाहेर आईनं सांगितलं, तू रोज एकच म्हणतेस: "बाबांना जमलं, मग मला का नाही?"

बबडे, बाबांना जमलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचं ते ऑपरेशन पित्ताच्या खड्यांचं नव्हतं. वजन उतरावं म्हणून माझं पोट कापून लहान केलं. चौतीस किलो उतरले, आणि मी व्यासपीठावर छाती ठोकून सांगितलं, "हा निश्चयाचा विजय!" तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतीस. त्याच संध्याकाळी तू जेवण सोडलंस.

डॉक्टरांनी मला तेव्हाच समजावलं होतं. पोट लहान झालंच, पण आतड्यातली जिवाणूंची वस्तीही बदलली. भूक मरण्यात त्यांचाही हात असू शकतो, किती ते अजून पुरतं कळलेलं नाही. मी विचारलं, "मग माझा निश्चय?"

ते हसले. "होता ना! संमतीपत्रावरच्या सहीपुरता."

गेल्या सहा महिन्यांत नऊ किलो परत आलेत. माणूस तोच, निश्चयही तोच.

आयुष्यभर सभांमधून गरजलो की गरिबी हा गरिबाचा गुन्हा नाही. आणि घरात, पाहुण्यांदेखत, तुझ्या ताटाकडे बघून म्हणालो, "जरा तोंडाला कुलूप लाव." तू लावलंस. त्याची किल्ली माझ्याकडे नाही.

आईवर चिडू नकोस. ऑपरेशनचं खरं तुला सांगायचं नाही, अशी तिला मी शपथ घातली होती. तुझ्या उशाशी बसून ती रोज तेवढंच गिळतेय.

काल तुझे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार दिवस हातात नाहीत. हे ऐकूनसुद्धा मी आत येऊन खरं बोललो नाही. हे पत्र वाचून तुला भूक लागेल, इतका भाबडा मी आता उरलेलो नाही. फक्त माझी बरोबरी करणं सोड. बरोबरी करण्यासारखं इथे काही नव्हतंच.

ज्याला कधीच जमलं नाही, तो तुझा
बाबा