पन्हाळ्याच्या पाटीवरचा ळ

वस्ताद, तुमची अक्षरांची वही तुमी उचगावच्या त्या दुसऱ्या चेल्याला दिलीसा, ते मला अजून सलतंय. सरळ सांगतो, जळतोय मी. बारा वर्षं तुमच्या राजारामपुरीतल्या शेडात पाट्या घासल्या, रंग कालवला, शिडी धरली. तो आला दोन वर्षांसाठी. पण त्यानं कॉम्प्युटर घेतला, वहीतलं एकेक अक्षर स्कॅन केलं आणि फाँट बनवला. आता लग्नपत्रिका, दुधाची पिशवी, रिक्षाची पाठ, बघावं तिकडं वळण तुमचं आणि नाव त्याचं.

तरी वही घेऊन तुमी आधी माझ्याकडंच आलतासा. मी एका हॉटेलची पाटी रंगवत हुतो. म्हणालासा, "माझा हात आता थरथरतोय. ही त्या मशीनमध्ये घाल की." मी ब्रश बी खाली ठेवला न्हाय. "मशीनला वळण कळतंय व्हय, वस्ताद? असली थेरं त्या उचगावच्याला सांगा." तुमी अर्धा चहा टाकून उठलासा. आणि मी गावभर सांगत फिरलो, वस्तादांनी मला डावललं म्हणून.

पुढं पाट्यांची कामं बंद पडली तवा पन्नाशीत मी बी क्लास लावला. माऊस टेबलावरनं पळायचा. शिकवणारी माझ्या लेकीएवढी. म्हणायची, "काका, चुकलं तर कंट्रोल झेड दाबा, मागचं परत येतंय." आता पोटापुरतं जमतंय. फाँट त्याचाच वापरतो, दात खात.

मागल्या आठवड्यात पन्हाळ्याला गेलतो. एका लॉजवर मोठी पाटी, त्याच फाँटात. त्यातला ळ बघून उभाच राहिलो. उजवं वेटोळं जरा मोठं. लई वर्षांमागं तुमी जेवायला गेलतासा, माझ्या हातनं वहीवर टर्पेंटाइन सांडलं, ळचं पान गेलं. तिथं कुठलं कंट्रोल झेड? तुमी यायच्या आत दोरा उसवून नवं पान घातलं आणि तुमच्या वळणाचा ळ मी काढला. तुमी आलासा, पानं चाळलीसा आणि वही परत फळीवर ठेवलीसा. त्यानं बी तोच स्कॅन केला.

हे लिवलेलं त्याला दाखवणार न्हाय, ळ लगेच बदलंल. तुमी तर देवाघरी गेलासा, तुमाला तरी कुठं धाडू? तुमाला ते कळलंच न्हवतं, असं मी धरून चाललोय. कारण कळलं नसंल, तर तेवढ्या एका अक्षरापुरता माझा हात तुमच्याएवढा झालता.