चार नंबरची खोली

३ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस आणि मी जाम खूश! वर्तकनगरहून निघून विठ्ठलवाडीच्या सफरचंदांच्या गोदामात पाच मिनिटं आधीच पोचले. काम सोपं आहे. थंड खोलीतला प्राणवायू काढून नायट्रोजन भरतात, म्हणजे फळं महिनोन्‌महिने टिकतात. आत माणूस राहिला तर मात्र त्याचं काही खरं नाही. म्हणून दार बंद करायला दोघांचा होकार लागतो, यंत्राचा आणि माझा. छतावरच्या सेन्सरवरून यंत्र ‘खोली रिकामी’ सांगतं, मग मी ‘मान्य’ दाबायचं. दारावरच्या कुंडलिककाकांची पद्धत वेगळीच. आत जाणारा गमबूट चढवतो आणि चपला दाराशी सोडतो. पोरी, आधी चपला मोज, मग बटण दाब, असं त्यांनी दोनदा बजावलं. मला हसूच आलं.

१२ फेब्रुवारी
चार नंबरच्या दाराशी चपला, आणि यंत्र म्हणे रिकामी. मी ‘अमान्य’ दाबलं. माल अर्धा तास खोळंबला, वर दोन पानी खुलासा लिहावा लागला. चपला काकांच्याच निघाल्या, ते गमबूट घालूनच चहाला गेले होते. या आठवड्यात हे तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा यंत्र बरोबर. साहेबांसमोर इतकी लाज वाटली की मीच सुचवलं, सगळ्यांच्या चपला गेटजवळच्या रॅकवर ठेवू या. साहेब खूश झाले. काकांनी आपल्या चपला उचलून रॅकवर नेऊन ठेवल्या.

२० फेब्रुवारी
बटणावर आता नवी आलेली मेघना बसते, मी खोल्या तपासते. तिला पहिल्याच दिवशी शिकवलं, यंत्राशी वाद घालू नकोस गं, खुलासे लिहून हात मोडतील.
आज यंत्राच्या नोंदी चाळताना एका नोंदीवर अडकले. काल दुपारी काका चार नंबरमध्ये पेट्या लावत होते, मी दारात उभी राहून त्यांच्याशी बोलले. त्याच वेळची नोंद म्हणते, खोली रिकामी. काका म्हणाले, महिन्यापूर्वी कोणीतरी येऊन तो सेन्सर बदलून गेला. त्याला कोणी बोलावलं, कोणालाच माहीत नाही. साहेब म्हणाले, पुरावा आण.

२१ फेब्रुवारी, सकाळी ११
मेघना जागेवर नव्हती, चार नंबरमध्ये जातेय हे सांगायचं राहिलं. दोन मिनिटांचं तर काम. शिडीवर चढले. सेन्सरच्या तारेला एक काळी डबी जोडलीय. मी आत आले की तिचा दिवा लागतो, बाहेर गेले की विझतो. म्हणजे माणूस तिला दिसतो. दिसतो, आणि मगच ती रिकामी सांगते.

११.१०
दार लागलं. यंत्राने विचारलं असणार, मेघनाने ‘मान्य’ दाबलं असणार. मीच शिकवलेलं. आतली कडी फिरत नाही. फोनला रेंज नाही. आतली धोक्याची घंटा दाबतेय, पण तीही यंत्रातूनच जाते. रिकाम्या खोलीतली घंटा ते कशाला वाजवेल—
वरून वायूचा आवाज येतोय.

११.३०
खूप भीती वाटतेय. आई—
हात उचलवत नाहीत. डोकं—

११.—
दाराच्या काचेत काका! आत बघत नाहीत. वाकलेत. खाली दाराशी चपला शोधतायत.
नाहीत म्हणून वळले—
काका, रॅकवर— माझ्या रॅकवर बघा—