चौथ्या मालकाची भिंत

५ मार्च
काम मिळालं, तेही खोलीसकट! घराच्या मागे पत्र्याची खोली, पलंग, नळ, दाराला कडी. मलावीहून जोहान्सबर्गला आल्यापासून पहिल्यांदा एकटा झोपणार, कुणाचा पाय माझ्या तोंडावर नाही. मालक मोलेफेसाहेब जाडजूड, हसरा माणूस. माझे हात उलटसुलट बघून म्हणाले, ट्वायबू, तुम्ही मलावीवाले भिंत सरळ बांधता म्हणे. वाकडी झाली तर तुलाच टेकू म्हणून उभा करीन. त्यांच्या बायकोने, डिनेओबाईंनी, मक्याची उकड आणि कोंबडीचे पाय वाढले. तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा म्हणाल्या, तुझ्या आईने तुला उपाशीच पाठवलं का रे?
आवाराची भिंत छातीपर्यंत आहे. ती दोन पुरुष उंच करायची, एवढंच काम.

८ मार्च
भिंतीत तीन पट्टे दिसतात. तळाला दगड, वर लाल विटा, त्यावर सिमेंटचे ठोकळे. शेजारच्या घरी चाळीस वर्षं धुणीभांडी करणारी माखुमालो म्हातारी भिंतीवर कोपरं टेकून गप्पा मारते. सगळे तिला गोगो म्हणतात, म्हणजे आजी. तिने सांगितलं, दगड इंग्रजाचे, विटा ग्रीक दुकानदाराच्या, ठोकळे पोर्तुगीज सुताराचे. प्रत्येकाला वाटलं, भिंतीवरून कुणीतरी आत येतंय. प्रत्येकाने भिंत चढवली. मग प्रत्येकाने घरातलंच माणूस मारलं. इंग्रजाने सख्खा भाऊ, ग्रीकाने सासरा, सुताराने दोन्ही मुली. मुलींना कशाने, ते ती सांगेना.
मी विचारलं, आणि चोर? ती हसली. म्हणाली, अरे गाढवा, चोरांनाही जीव प्यारा असतो. या घरात आजवर एकही चोर शिरलेला नाही.

१२ मार्च
पाच थर झाले. ओळंबा एकदम सरळ.
पासपोर्ट बसच्या ड्रायव्हरबरोबर सीमेवर पाठवला, शिक्का मारायला. आम्ही सगळे तसंच करतो. माणूस इथेच, पासपोर्ट तेवढा फिरून येतो. पुढच्या शनिवारी मिळेल. तोवर रस्त्यावर पाऊल नाही, पोलीस उचलतील.
साहेबांनी विचारलं, दुपारी भिंतीवरून कोण चालत होतं? म्हटलं, मांजर असेल. ते म्हणाले, मांजर बूट घालतं? मी हसलो. ते हसले नाहीत.

१५ मार्च
आता गोगोचं नुसतं डोकं दिसतं. म्हणाली, थापी टाक आणि पळ पोरा, सुताराचं हसूही असंच आधी गेलं होतं. म्हटलं, पुढच्या शनिवारी पासपोर्ट आला की निघतोच. ती म्हणाली, कबरीत शिक्का बघत नाहीत.
डिनेओबाईंनाही सांगितलं. म्हणाल्या, बावीस वर्षं संसार केला, आता विटांना भिऊन माहेरी जाऊ? बोलताना त्या मनगट झाकत होत्या. मनगट निळंकाळं होतं.

१८ मार्च
सकाळी थापलेल्या सिमेंटच्या ओल्या मालात बुटांचे ठसे. टाचा रस्त्याकडे, टोकं घराकडे. खाली मातीत एकही ठसा नाही.
साहेबांना दिसू नयेत म्हणून थापीने पुसले.
दुपारी मीही ऐकलं. बूट. सावकाश. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

२० मार्च
ड्रायव्हरचा फोन. सीमेवर गर्दी. शनिवारी नाही, मंगळवारी.
साहेब कामावर जात नाहीत. पिस्तूल ताटाशेजारी ठेवून जेवतात. गेटचं रिमोट त्यांच्या खिशात. बाईंना चर्चलाही जाऊ देत नाहीत.
गोगो आता दिसत नाही. पलीकडून नुसती विचारते, पोरा, आहेस ना?
मंगळवारपर्यंत जिवंत राहायचं. बस.

२३ मार्च, रविवार
सकाळी नऊ. बाई तारेवर चादरी वाळत घालत होत्या. चादरीवर त्यांची सावली.
साहेब ओरडले, आला!
तीन गोळ्या. चादर लाल झाली. बाई चादर ओढत खाली — साहेब त्या चादरीलाच लाथा घालत होते, आलास ना चोरा, आलास ना —
मी ओरडलो, बाई आहेत त्या, साहेब, बाई!
त्यांनी मला विचारलं, तू कोण? कुठून चढलास?
पिस्तूल माझ्याकडे —
फावडं हातात होतं. एक घाव. ते पडले. तरी मारत राहिलो. चेहरा उरला नाही तरी —

दुपार
रिमोट घेतलं. धुतलं. चालतं.
गेट उघडलं तर ते बूटवाले आत येतील. उघडणार नाही.
माल उरला होता. अजून दोन थर चढवले.
बूट चालतायत. खूप बूट.

चार वाजता
पलीकडून गोगोचा आवाज. पोरा, गोळ्या ऐकल्या मी. शिडी लावलीय. हात दे, मी ओढते तुला वर.
गोगो सत्तरीची. शिडी चढेल? नाही. आवाज तिचा चोरलाय.
शिडी करकरतेय. एक पायरी. थांबते. धापा टाकते. धापाही तिच्याच.
ये लेकरा, म्हणते. घाबरू नको, म्हणते.
बोटं दिसली. साबणाने सुरकुतलेली. हुबेहूब. किती हुशार —
बांधकामाच्या फळीवर उभा आहे, एका हाताने लिहितोय. दुसऱ्या हातात फावडं —
पांढरे केस. अजून थोडं. डोकं पूर्ण वर आलं की —