बाहेरून घातलेले टाके

शुक्रवार, दुपारचे चार

पोचलो एकदाचे! समोर तळं, पाठीवर ऊन, आणि मी गवतात पालथा पडून मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितोय. दुकानाची वही इथेही आणली म्हणून बायको हसली. म्हणाली, इथे कोणाची मापं घेणार, बगळ्यांची? म्हटलं, असू दे. सोळा वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाच्या खिशात वही नसली की त्याला विजार नसल्यासारखं वाटतं.

आमच्या लग्नाला दोन महिने झाले. दोघांचंही दुसरं. बायकोबरोबर तिची दहा वर्षांची मुलगी घरात आली. तिला सगळे चिमणी म्हणतात. आणि बायकोबरोबर तिचा थोरला भाऊही आला, म्हणजे घरात नाही, पण डोक्यावर. त्याला मीही दादाच म्हणतो. शाळेत कवायतीचा मास्तर आहे आणि सुट्टीतही शिट्टी गळ्यात असल्यासारखा बोलतो. दोन रात्री तंबूत राहायची कल्पना त्याचीच. नव्या माणसाची ओळख चार भिंतींत होत नाही म्हणे. त्याची बायको, आमची लांब वेणीवाली वहिनी, दवाखान्यात नर्स आहे. कमी बोलते, आणि बोलते तेही पेशंटचा ताप सांगितल्यासारखं.

दोन्ही गाड्या खाली रस्त्याला लावल्यात. तिथून एक ओढा ओलांडून वीस मिनिटांची चढण. तंबू शाळेच्या भांडारातला, जाड कॅनव्हासचा. सवयीने टेप लावली: लांबी चौदा फूट, रुंदी दहा. टेपचं दुसरं टोक चिमणीने आपणहून धरलं. आजचा दिवस वसूल.

शुक्रवार, रात्रीचे आठ

हवा फिरली. ऊन कुठे गेलं कळलंच नाही, तळ्यावरून असा गारठा आला की चहा कपातच थंड. मी खुंट्या ठोकल्या, दादाने त्या उपटून परत ठोकल्या. मी शेकोटी लावली, दादाने ती विस्कटून परत लावली आणि विझवली. मग म्हणाला, लाकडं ओली आणलीत. लाकडं त्याने आणली होती.

कपातला थंड चहा संपवला. नवा जावई आहे, अजून नाकात वेसण आहे.

शनिवार, सकाळचे सात

रात्रभर वारा आणि गारा. पहाटे मागच्या भिंतीला टरकन वीतभर फाटलं आणि पाणी थेट माझ्या उशीवर. दादा अंधारातूनच म्हणाला की घरात शिंपी असून हे हाल. मी भोकात टॉवेल कोंबला आणि म्हटलं, उजेड झाला की शिवतो.

उजेड झाला, तर टॉवेल खाली पडलेला आणि भोक शिवलेलं.

शिलाई सुरेख. बारीक, सारख्या अंतराचे टाके, पण बाहेरून घातलेले. गाठ बाहेर राहिलेली. दोरा कसला ते कळेना, काळपट, ओलसर, गवताच्या मुळासारखा. मी बघतच होतो तेवढ्यात दादाने पाठीवर थाप मारली. एवढ्या वादळात बाहेर उभं राहून शिवलंत, मानलं बुवा, असं सगळ्यांसमोर म्हणाला. बायको माझ्याकडे अशी बघत होती की —

मी नाही म्हणालो नाही.

वहिनीने शिवलं असणार. ती जखमा शिवते, तिचा हात बसलेला असणारच. आणि ती कशाचाच गाजावाजा करत नाही. नंतर एकटी सापडली की आभार मानीन. दोन महिन्यांत पहिली शाबासकी मिळाली, ती उधारीची तर उधारीची.

शनिवार, दुपारचा एक

पाऊस थांबत नाही. पाच माणसं, एक कंदील, ओले मोजे आणि त्यांचा वास. स्टोव्हचा गॅस संपला. पाव ओला झाला. पत्ते खेळलो, दादा हरला, मग पत्ते मोजले, एक कमी निघाला, त्यावर अर्धा तास भांडण. चिमणी खोकतेय. वहिनीने कपाळाला हात लावला आणि फक्त म्हणाली, अंग कढत आहे.

बायको म्हणाली, चला, घरी जाऊ. दादा म्हणाला की चार थेंब पडले की पळणारी माणसं त्याला आवडत नाहीत. मग माझ्याकडे वळून विचारलं, तंबू टिकेल ना? तुमची शिलाई आहे, तुम्हीच सांगा.

बायको माझ्याकडे बघत होती. 'नाही' म्हणालो असतो तर या वेळी आम्ही गाडीत असतो.

मी म्हटलं, टिकेल.

शनिवार, दुपारचे साडेतीन

दादा अडीचला गाडीकडे गेला, पांघरुणं आणि गॅसची दुसरी टाकी आणायला. मी येतो म्हटलं, तर म्हणाला की शिंप्याने किल्ला सांभाळावा.

तो गेल्यावर जरा आडवा झालो, तर डोकं भिंतीला टेकलं. काल तिथे बॅगा मावत होत्या. टेप काढली. लांबी तेरा फूट, रुंदी नऊ.

मला वाटलं कापड भिजून आटलं. पण आटलेल्या कापडाला कोणी टाके घालत नाही. इथे लांबीला आणि रुंदीला, बाहेरून, चुण्या घेतल्यात. गिऱ्हाईक बारीक झालं की आम्ही सदरा बाजूने दाबून घेतो, अगदी तसं. त्याच सुरेख टाक्यांनी.

वहिनीला बाजूला घेऊन हळूच विचारलं. ती म्हणाली की तिने काही शिवलं नाही. तिला वाटलं मीच.

बायको रात्रभर चिमणीला कुशीत घेऊन होती. दादाला बटण लावता येत नाही.

मग कोण?

शनिवार, संध्याकाळचे सहा

दादा आला नाही. जायला-यायला पाऊण तास लागतो, साडेतीन तास झाले.

मी शोधायला गेलो. ओढा कमरेच्या वर आलाय, लाल, गढूळ, दगड गडगडत नेणारा. त्याच्या पलीकडे काही दिसेना. हाका मारून घसा बसला. अडकला असेल पलीकडे, गाडीत बसला असेल हीटर लावून, असं स्वतःला सांगत परत फिरलो.

परतताना तंबू बाहेरून पहिल्यांदा नीट पाहिला. टाके चारही बाजूंनी. जमिनीपासून माथ्यापर्यंत. चिखलात पाऊल एकही नाही, माझ्याशिवाय.

आत येऊन बायकोला म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघू. वहिनी म्हणाली की तापलेलं पोर एवढ्या पाण्यातून न्यायचं नाही, ओढा उतरू दे, उजाडलं की निघू. तिचं बरोबर होतं. तिचा नवरा बाहेर होता आणि तरी ती आमच्या पोराचं बघत होती. आणि मी? टाके माझे नाहीत हे अजूनही सांगितलं नाही. उगाच घाबरतील, असं कारण काढलं. खरं कारण वेगळं आहे, ते मला ठाऊक आहे.

रविवार, सकाळचे सहा

दाराची चेन उघडत नव्हती. चेनवरून शिवलंय. खालपासून वरपर्यंत. दोरा नाही. लोकर आहे. किरमिजी लोकर.

बायकोने ती बोटाने चाचपली आणि लगेच ओळखली. दादाचा स्वेटर तिने विणलेला. अंगावर तोच घालून गेला होता.

मग सांगितलं. सगळं. की पहिला टाकाही माझा नव्हता, आणि मी शाबासकी घेतली, आणि टिकेल म्हणालो ते कशाच्या जोरावर म्हणालो ते मलाच माहीत नाही. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की तू एकदा जरी नाही म्हणाला असतास तर दादा गेला नसता.

वहिनीने माझ्या हातून कात्री घेतली. दार कापलं आणि दादाच्या नावाने हाका मारत धावत गेली. मी मागे निघालो, बायकोने दंड धरला. तीन हाका ऐकू आल्या. चौथी अर्धीच.

कात्री दारातच पडलीय. उचलून घेतली.

रविवार, सकाळचे सात

कापलेलं दार शिवलं जातंय. आमच्यासमोर. दाभण आत येतं — पोती शिवायचं असतं तेवढं, पण हाडाच्या रंगाचं — वळतं, बाहेर जातं. बाहेर कोणाची सावली नाही. उजेड आहे, सावली पडायला हवी.

मी कापतो. ते शिवतं. मी दोन ठिकाणी कापलं. त्याने आधी एक शिवलं, मग दुसरं. घाई नाही त्याला.

आठ फूट. साडेसहा.

चिमणीने विचारलं की तंबू लहान का होतोय. आईने सांगितलं पावसाने. ती म्हणाली, खोटं.

तंबू आमच्या मापाचा करतंय कोणीतरी. एवढंच मला कळतंय, कारण एवढंच काम मला कळतं.

रविवार, सकाळचे साडेसात

पाऊस थांबला. ओढ्याचा आवाज उतरलाय.

एक लक्षात आलं. दोन ठिकाणी कापलं तेव्हा त्याने एकेक करून शिवलं. म्हणजे दाभण एकच आहे. ते इथे अडकलं, तर तिकडे नाही.

दाभण आत आलं तेव्हा झडप घातली, निसटलं, पण दोरा हातात आला. हाताला दोन वेढे दिले. बाहेरून ओढ बसली. जोराची नाही. मासा गळाला लागल्यावर करतो तशी, थांबून थांबून. तंबूत बाकी कुठे टाका पडत नाही.

दोरा आता लोकरीचा नाही. लांब केस आहेत, पीळ दिलेले. मुळाशी पांढरे. चिमणीला इकडे बघू नको म्हटलं.

बायकोला सांगितलं, मागची भिंत काप, पोरीला पाठीवर घे, आमच्या गाडीची किल्ली तुझ्या पिशवीत आहे, थांबू नकोस, हाक आली तरी वळू नकोस, कोणाचीही. ती म्हणाली, आणि तू? म्हटलं, तुम्ही गाडीपाशी पोचलात की सोडतो आणि पळतो. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. पण तिने मान हलवली, आणि गळ्यातला रुमाल सोडून माझ्या तळव्याला गुंडाळला, केसांनी कापू नये म्हणून. माझ्याकडे बघितलं नाही. पण गाठ नीट मारली. दोनदा.

चिमणी यायलाच तयार नव्हती. त्यांनाही सोबत घे म्हणून आईपाशी रडत होती. मी तिच्यावर ओरडलो. पहिल्यांदाच. मग गेली.

रविवार, आठ दहा

वही मांडीवर आहे. डावा हात दोऱ्यात, उजव्याने लिहितोय. वीस मिनिटं झाली. ओढा ओलांडला असेल.

ओढ वाढलीय. रुमाल लाल झाला.

संताप येतोय. भीतीपेक्षा संताप जास्त. दादाचा, पावसाचा, माझ्या जिभेचा. एक शब्द होता. 'नाही'. दोन अक्षरं.

आणि या टाक्यांचा. सोळा वर्षांत मला इतकी सारखी शिलाई जमली नाही.

आठ पंचवीस

गाडी!

सुरू झाली — बंद पडली — सुरू झाली. आमचीच, खोकते तशीच. निघाली. वळणावर गिअर बदलला. दूर गेली.

गेल्या. दोघी गेल्या.

आता दोरा सोडायचा आणि मागून — तीन पावलं फक्त —

आठ तीस

दोरा सैल पडला. मी सोडायच्या आधीच.

मागे वळलो. मागची फट नाही. शिवून झालीय. कधी — मी तर दोरा धरून —

दाभण एकच नव्हतं. त्याला घाई नव्हती, एवढंच. बायकोला जाऊ का दिलं — जाऊ दिलं ना? गाडी मी ऐकली. ऐकली. नक्की ऐकली.

कात्री तिच्याकडेच राहिली. बरं झालं. तिला लागेल.

उभं राहता येत नाही. कापड डोक्याला, पाठीला, गुडघ्यांना. गार. ओलं. कंदील विझला, कापडातून जेवढा उजेड येतो तेवढ्यात —

बाहेरून कोणीतरी हात फिरवतंय. कापडावरून. कपडा अंगावर कसा बसला ते बघताना फिरवतात तसा, सावकाश. कमरेपाशी थांबला. चिमटीत धरलं, जरा आत घेतलं.

आता वर येतोय. खांद्याव