गुळाची गोणपाटं

१३ जुलै, रविवार. सकाळी सात.
ताई-दाजी नाशिकला गेले. दाजींच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आठ दिवस घर माझ्याकडे. निघताना दाजी म्हणाले, सविता, ह्या ओमच्या भरवशावर कोंबडी ठेवू नये, तू परसबाग ठेवतीस. मला ऐकू येईल असंच म्हणाले. ताई म्हणाली, माझा भाऊ हाय, मी सांगते ना, करील तो. आयटीआय सुटल्यापासून (सोडलं नाही, सुटलं) माझ्या बाजूनं कुणी पहिल्यांदाच बोललं.

काम एकच. पावसाळी गोगलगायी. ताईनं बी टाकून वाढवलेली झेंडू-मिरचीची साठ रोपं आहेत. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्याशेजारी टाकायची. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात. रोज.

उद्यापासून पाचला उठणार.

१४ जुलै. रात्री.
साडेनऊला उठलो. तरी एकसष्ट सापडल्या! त्यांची रील काढली. म्युझिक निवडण्यात दुपार गेली. मिठाचं पाणी करायचं राहिलं, तोवर त्या निघून गेल्या. पण पद्धत चालते हे सिद्ध झालं.

१५ जुलै.
विचार केला. रोज साठ-साठ वेचणं अडाणीपणा. गूळ चौपट करायचा, गोणपाटं हलवायचीच नाहीत. सगळ्या जमल्या की एकदाच कार्यक्रम. हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही?

शेजारच्या मनकर्णा मावशी भिंतीवरून म्हणाल्या, आरं, येवढा गूळ नको घालू, आमच्याकडच्यापन येतील तिकडं. जुनं माणूस. हसून हो म्हणालो.

ताईचा फोन. वेचल्या का? हो म्हणालो. काल वेचल्याच होत्या.

१६ जुलै.
मित्राचा, गोरक्षचा टेम्पो खर्ड्याला चाललाय. सोबत हवी म्हणतो. गोगलगायींना जमायला वेळ द्यायचाच आहे, तर इथं बसून काय करू? उद्या परत.

१८ जुलै. खर्डा.
किल्ला बघितला. छान आहे. परतीचं भाडं मिळाल्याशिवाय गोरक्ष हलेना. एसटीनं जावं का? पण त्याला एकट्याला टाकून जाणं बरं दिसत नाही.

ताईचा फोन. रोपं कशी आहेत? मस्त. फोटो पाठव म्हणाली. रेंज नाही म्हणालो. फोनवरच म्हणालो. ती बरं म्हणाली. दुसरी भाकरी गेली नाही.

२० जुलै. संध्याकाळ.
आलो. गोणपाट उचललं, परत ठेवलं. पुन्हा उचललं. खाली जमीन दिसत नव्हती. वाफ्यात नुसत्या काड्या. मिरचीची चार रोपं उभी, तीही झुकलेली.

मावशी हाका मारत आल्या. पोरा, काय केलंस रं? आमच्या परसात औषधाला गोगलगाय न्हाई! पलीकडच्या काकासाहेबांनाही बोलावलं. ते म्हणाले, शिकल्यालं पोरगं हाय, आमाला बी शिकव. पाठ थोपटली. मी वाफ्याला आडवा उभा होतो. मग मावशींना वाफा दिसला. जाताना वाटीभर पिठलं ठेवून गेल्या. तेही खाल्लं.

२१ जुलै. दुपार.
आले. पावसाचं, हवेचं, बियाण्याचं असं सगळं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. दाजी वाफ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, घराला तीन-चार दिवस कुलूप हुतं म्हणं. कुठं गेल्तास?

माझं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, मला विचारून गेल्ता. मीच म्हणाले, जा. मला कुठं ठावं, एवढ्या येतील.

दाजी माझ्याकडं वळले. व्हय रं?

व्हय म्हणालो.

दाजी आत जाऊन झोपले. ताईनं प्रवासातली साडीसुद्धा बदलली नाही, पदर खोचून वेचायला बसली. माझ्याकडं बघितलं नाही. मी म्हणालो, थांब, बादली भरून आणतो.

म्हणून आत आलो. वही दिसली.

ती अजून वेचतेय.