चौतीस मिलिमीटरचं घड्याळ

नारायण पेठ, पुणे ३०
रविवार, ६ जानेवारी २००८

ती. वासंतीमावशीस,
श्रीनिवासचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी असहकार पुकारल्यापासून आपल्या घरात पत्र लिहिणारा मी एकटाच उरलोय, असं आई म्हणते. तेव्हा अक्षर सहन कर.

एक सल्ला हवा आहे. तीस वर्षं बंगळूरच्या कारखान्यात घड्याळं जोडलेल्या मावशीला सोडून दुसऱ्या कोणाला विचारणार? मला घड्याळ घ्यायचंय. खराडीच्या ऑफिसात माझं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपतं. त्याआधी परदेशातून ग्राहक येणार आहेत आणि त्यांच्यासमोर मला उभं करणार आहेत. माझ्या हातात अजून बारावीतलं प्लास्टिकचं घड्याळ आहे, त्याचा पट्टा मी दोनदा चिकटवलाय. परवा मीटिंगमध्ये मी हात टेबलाखालीच ठेवला होता.

आमचे श्यामसुंदर सर त्यांच्या वडिलांचं जुनं स्विस घड्याळ वापरतात. छोटंसं, स्टीलचं, पांढरी तबकडी, काही झगमगाट नाही. ते हात पुढे करून बोलायला लागले की माणूस ऐकत राहतो. तसलं खरं घ्यायची माझी ऐपत नाही, पण कॅम्पातल्या एका गल्लीत हुबेहूब तसंच मिळतं. नक्कल आहे, पण ओळखू येत नाही. चौतीस मिलिमीटर आणि चाळीस, अशी दोन मापं आहेत. दुकानदार म्हणतो, हल्ली सगळे चाळीसचंच नेतात. माझ्या काडीसारख्या मनगटावर ते ताटली ठेवल्यासारखं दिसतं. कुठलं घेऊ?

आईला यातलं काही सांगू नकोस. नेहमीचा लोभ तर असू देच, या वेळी सल्लाही असू दे.

तुझा,
श्रीनिवास


टिळकवाडी, बेळगाव
१० जानेवारी २००८

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद.

चौतीस. पट्टा अडकवायची टोकं मनगटाच्या बाहेर गेली की घड्याळ उसनं आणलेलं दिसतं. मापाचं विचारलंस, मापाचं सांगितलं.

आता न विचारलेलं. आमच्या टेबलावर तबकडीखाली पापणीचा एक केस सापडला, तर अख्खं घड्याळ उलगडून परत जोडावं लागे. शेजारची शकू रडायची, पण जोडायची. कारण तबकडीवर आमच्या कारखान्याचं नाव होतं. तुझ्या त्या गल्लीत कोणी कोणाचं नाव छापून बसलंय, हे मला आवडलेलं नाही. पण तू तेवीस वर्षांचा घोडा झालास, मी काय तुझा हात धरणार? एवढंच कर, कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते आधी ठरवून ठेव.

तिळगूळ पाठवलाय. फुटला असेल तर टपालखात्याशी गोड बोल. तुझ्या आईला मी काही कळवत नाही, पण तिला अशा गोष्टींचा वास येतो हे लक्षात ठेव.

तुझ्यावर जीव असलेली,
वासंतीमावशी


पुणे ३०
गुरुवार, १७ जानेवारी २००८

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तिळगूळ अखंड पोचला. घड्याळ घेतलं, चौतीसचंच. सोमवारी घालून गेलो, सगळ्यांना आवडलं.

पण इथे एक विचित्र प्रकार झालाय. मंगळवारी दुपारी श्यामसुंदर सर ऑफिसातल्या खेळाच्या खोलीत टेबल टेनिस खेळत होते. खेळताना ते घड्याळ काढून खिडकीत ठेवतात. खेळ संपल्यावर पाहिलं तर घड्याळ नाही. शोधाशोध झाली. शेवटी गेटवरच्या गार्डने सांगितलं, की तो पाणी प्यायला आत आला होता तेव्हा साफसफाईच्या एका बाईंच्या हातात त्याने त्याच दुपारी तसलं घड्याळ पाहिलं होतं. बुधवारपासून कंत्राटदाराने त्यांना कामावर यायला मनाई केली. माझा यात काही संबंध नाही, पण योगायोगाने माझं घड्याळ सरांच्या घड्याळासारखंच दिसतं, म्हणून मी ते सध्या कपाटात कपड्यांखाली ठेवलंय. उगाच कोणी काही बोलायला नको. संबंध नसताना माणूस अडकतो. जेवण जात नाही, आई म्हणते पित्त झालंय. खरं तर माझा काही संबंधच नाही.

उत्तर लवकर पाठव, आणि माया आहे तेवढीच ठेव.

श्रीनिवास


टिळकवाडी
२१ जानेवारी २००८

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद.

एका पानात तीनदा लिहिलंस, की तुझा संबंध नाही. ज्याचा नसतो तो एकदाही लिहीत नाही.

दोन प्रश्न आहेत. तसलं दिसणारं घड्याळ त्या दुपारी ऑफिसात एकच होतं की दोन? आणि त्या बाईंना काही नाव आहे की नाही?

उत्तर येईपर्यंत आशीर्वाद तेवढे चालू ठेवते.

वासंतीमावशी


पुणे ३०
गुरुवार, २४ जानेवारी २००८

ती. मावशीस,

दोन होती. त्यांचं नाव सरुबाई.

आता सगळं लिहितो. घड्याळ घालून गेलो त्या सोमवारी टीममधल्या हेमाने विचारलं, कुठून घेतलंस? तू सांगितलं होतंस तरी मी ठरवून ठेवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, की काकांनी मस्कतहून पाठवलं. मला मस्कतला काका नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी मी हात धुताना घड्याळ बेसिनवर काढून ठेवलं आणि विसरलो. अर्ध्या तासाने सरुबाई ते पदराने पुसत माझ्या जागेवर घेऊन आल्या. म्हणाल्या, दादा, तुमचंच हाय न्हवं, सकाळी हातात बघितलं व्हतं. मी थँक्यू म्हटलं आणि घातलं. गार्डने पाहिलं ते हेच घड्याळ, मावशी. माझं.

संध्याकाळी एचआरच्या लोकांनी मला बोलावलं. सरुबाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, या दादांचं घड्याळ मी यांनाच दिलं, इचारा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे एकदम सगळं आलं. घड्याळ हुबेहूब सरांच्या घड्याळासारखं, पावती नाही, मस्कतची थाप मारलेली, प्रोबेशन संपायला महिना. शोधाशोध सुरू झाली तेव्हाच घड्याळ काढून खिशात टाकलं होतं, त्यावर माझा हात होता. आणि मी म्हटलं, की मला आठवत नाही, मी आज घड्याळ घातलंच नव्हतं.

सरुबाई माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून मी रोज ठरवतो की आज सांगायचं, आणि रोज तसाच घरी येतो. परवा बंडगार्डनच्या पुलावर उतरून ते घड्याळ नदीत टाकणार होतो. टाकलं नाही, तेही धैर्यामुळे नाही. शेजारी एक कुटुंब फोटो काढत होतं, म्हणून.

या पत्रानंतर लोभ राहिला तर कळव.

श्रीनिवास


टिळकवाडी
२७ जानेवारी २००८, कुरियरने

चि. श्रीनिवास,

लोभ राहिलाय. राग त्याहून थोडा जास्त आहे. दोन्ही घेऊन कामाला लाग.

नदीत टाकलं नाहीस हे बरं झालं, कारण सरुबाईंचा साक्षीदार आता तेवढाच आहे. तुझ्या सरांच्या वडिलांचं घड्याळ जुनं आहे, म्हणजे त्याला रोज चावी द्यावी लागत असणार. तुझ्या नकलेत सेल असणार. सेकंदकाटा बघ, दर सेकंदाला उडी मारून थांबत असेल. सरांसमोर कोणा घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घे. आत बटणाएवढा सेल दिसला, की दोन घड्याळं होती हे आंधळ्यालाही पटेल.

तुझ्यावर संशय येईल का? येईल. नोकरी जाईल का? मला माहीत नाही, मी ज्योतिषी नाही. पण त्या बाईंची गेलेलीच आहे, आणि ती तुझ्या एका वाक्याने गेली. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी सरांकडे जा. मला उत्तर नंतर लिही.

आशीर्वाद,
मावशी


पुणे ३०
मंगळवार, ५ फेब्रुवारी २००८

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र गेल्या मंगळवारी ऑफिसला निघताना मिळालं. बसमध्ये चारदा वाचलं. पोचलो तो तडक सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि घड्याळ त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला, गं. त्यांना वाटलं त्यांचंच सापडलं. ते हातात घेऊन त्यांनी उलटं केलं, आणि मग मला सगळं सांगावं लागलं. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

चंदननगरच्या एका घड्याळजीकडे ते स्वतः माझ्याबरोबर आले. झाकण उघडलं, सेल दिसला. सरांनी तो उड्या मारणारा काटा निरखून बघितला. मग म्हणाले, की सरुबाई चार वर्षं माझं टेबल पुसतायत, आणि मीही त्यांना एका शब्दाने विचारलं नाही.

त्यांचं घड्याळ अजून सापडलेलं नाही. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. ग्राहकांसमोर दुसरं कोणी उभं राहणार. काहीजण मी आलो की बोलणं थांबवतात. हेमाने काल मस्कतच्या काकांची तब्येत विचारली.

एचआरने कंत्राटदाराला कळवून सरुबाईंना परत बोलावलं. त्यांनी निरोप पाठवला, येणार नाही. म्हणून शनिवारी सकाळी मी पत्ता काढून विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेलो. त्या दारात मेथी निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच माफी मागितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की हितं माझ्या दारात सांगून काय उपेग? हितं मला कुनी चोर म्हनलं न्हाई. त्या दिवशी समद्या लोकांदेखत गेटवर माझी पिशवी उलटी केली, डबा उघडून बघितला. जितं म्हनले तितं सांगा, मग येते. सोमवारी सकाळी गेटवर सगळ्यांदेखत सांगतो, असं मी कबूल केलं.

आईला त्याच दुपारी सगळं सांगितलं. ती रडली, आणि मग तिने मला जेवायला वाढलं.

काल सोमवारी पावणेनऊला मी गेटवर जाऊन उभा राहिलो. कंपनीच्या सगळ्या बस त्याच वेळी येतात. सरुबाई आल्या, इस्त्रीची साडी नेसून. मी गार्डला थांबवलं आणि मोठ्याने सांगितलं, की त्या दिवशी यांच्या हातात दिसलं ते घड्याळ माझं होतं, यांनी ते मला परत दिलं होतं, आणि मी खोटं बोललो. माणसं थांबली होती, पण मी कोणाकडेच बघितलं नाही. तेवढ्यात मागून सर आले. त्यांनी सगळ्यांदेखत सरुबाईंना हात जोडले. त्या गोंधळल्या, पदर सारखा करत राहिल्या.

गार्डने सवयीने त्यांच्या पिशवीकडे हात केला. मी माझी बॅग उघडली आणि त्यांच्या पिशवीशेजारी टेबलावर ठेवली. इंजिनिअरांच्या बॅगा तिथे कधीच तपासत नाहीत. गार्ड दोन्हींकडे बघत राहिला.

सरुबाई म्हणाल्या, बघ बाबा, दोन्ही बघ. मग आपली पिशवी उचलून त्या आत गेल्या. मी माझा डबा उघडून गार्डला दाखवला.

राग उतरला की कळव, लोभाचं मग बघू.

तुझा,
श्रीनिवास