कार्डाची मागची बाजू

१४ नोव्हेंबर, सकाळी साडेसात

चि. घुम्यास,

ताईचे आशीर्वाद. रागात दिलेत, पण दिलेत. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, शेजारीण अजूनही माझं वर्तमानपत्र माझ्याआधी वाचते, आणि निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष कसं गेलं ते तू विचारलं नाहीस म्हणून मीही सांगत नाही. पोरीचा खोकला थांबला का? तिला गार पाणी देऊ नका. झाली ख्यालीखुशाली.

काल तुझ्या ऑफिसातल्या टायपिस्टबाई घरी आल्या होत्या. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, साहेबांनी चौकशी समितीला सांगितलं की स्कॅन केलेल्या कार्डांचा नमुना कोणाला दाखवलाच नव्हता. सगळी चूक माझी एकट्याची, म्हणाले. आणि फाइलमध्ये तपासणीचा कागदही सापडत नाही हो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! मुख्य ग्रंथपाल ना तू? आणि फाइलमधला कागद काढतोस? एखाद्या विद्यार्थ्यानं पुस्तकाचं पान फाडलं तर वर्षभर त्याला दारात उभं करत नव्हतो आपण. तुला काय शिक्षा द्यायची, तूच सांग. पण तू कसला सांगतोस! लहानपणापासून मूग गिळून बसायची सवय, उगाच नाही तुला घुम्या नाव पडलं.

म्हणून सगळं मीच लिहिते. समितीला वाटतंय की जुनी कार्डं गेली, त्यांची चित्रं संगणकात आली, मग एवढा गहजब कशाला. त्यांना मागची बाजू म्हणजे काय ते कुठे माहीत आहे! कार्डाच्या पुढच्या बाजूला पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक. ते कोणीही टाइप करील. मागच्या बाजूला आम्ही काउंटरवाल्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. 'पान ११२ वर जुन्या विहिरींचा नकाशा, अनुक्रमणिकेत नाही.' 'तिसरं प्रकरण चुकलंय, लेखक स्वतः येऊन सांगून गेले.' 'हे मागणाऱ्याला आधी निळं छोटं पुस्तक द्या, नाहीतर तो परत येणार नाही.' आधीच्या दोघांची अक्षरं, मग चौतीस वर्षं माझं. ते विहिरींवाले प्राध्यापक त्या नकाशासाठी आले, त्यांना तो मिळाला नाही, आणि त्यांनीच तक्रार केली. बरं केलं त्यांनी.

तुझ्यावर माझा राग होता, आणि आहे. स्कॅन झाल्यावर आठ दिवसांत एक लाख ऐंशी हजार कार्डं लगद्याच्या कारखान्यात? का, तर दालनात संगणक मांडायचे होते आणि उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. मी रजेवर होते. परत आले तर कपाटांच्या जागी फरशीवर नुसते फिकट चौकोन. सगळ्यांच्या देखत मी तुला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, "तुला ग्रंथालय नकोय, प्रदर्शन हवंय." तू खाली मान घालून उभा. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही.

आणि अरे, तेव्हाच का नाही तोंड उघडलंस? तेव्हाच म्हणायचंस ना, की ताई, नमुना तुझ्याकडे पाठवला होता.

हो. पाठवला होतास. स्कॅन केलेल्या दोनशे कार्डांच्या छापील प्रती, वर तुझी चिठ्ठी: 'नीट बघ. हे तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. तू हो म्हटलंस तरच पुढे जायचं.' दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं. मशीन एकच बाजू घेत होतं. एक बटण दाबायचं राहिलं होतं, बाकी काही नाही.

आणि मी खाली लिहिलं, 'ठीक आहे.' सही केली.

का केली, तेही ऐक. तुला त्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून मी लावलं. शिडीवर चढून पुस्तकं कशी पुसायची ते मी शिकवलं. तू बाहेर जाऊन डिजिटल ग्रंथालयाची मोठी पदवी घेऊन आलास आणि ज्या खुर्चीकडे मी अठरा वर्षं डोळे लावून होते, तिच्यावर येऊन बसलास. लोक म्हणायचे, भावाचा अभिमान वाटत असेल. डोंबल! मला जळफळाट व्हायचा. त्या दिवशी वाटलं, पडू दे याला एकदा तोंडघशी. उद्घाटनात कोणीतरी विचारेल, याची फजिती होईल, मग येईल ताईला शोधत. मग सांगू, पुन्हा स्कॅन करता येईल. कार्डं कुठे पळून चालली आहेत?

गेलीच ना पळून.

ती इतक्या घाईनं घालवलीस, ती चूक तुझी. ती मी अंगावर घेणार नाही, भलत्या भ्रमात राहू नकोस. पण तू विचारलं होतंस, आणि मी तुला फसवलं. वर्षभर आठवून आठवून लिहितेय मागच्या बाजू. दोनशे बारा झाल्या. त्यापुढचं आठवतंय की मी मनानं रचतेय, तेच कळेनासं झालंय.

आणि आता तू मला वाचवायला निघालास? तुझं पद जाईल, पुन्हा कुठल्या ग्रंथालयात तुला कोणी उभं करणार नाही, घरी लहान पोर आहे. निवृत्त बाईचं काय वाकडं होणार होतं? नाव जाईल, एवढंच. त्या नावाचीच मला भीती वाटते हे तुला बरोबर ठाऊक होतं, म्हणून तर तू कागद काढलास. कोणी सांगितल्या होत्या या उठाठेवी? मला लाज वाटतेय रे, आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो, हे तू चांगलं जाणतोस.

सही केलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल मी ठेवते. आज दहा वाजता ती घेऊन मी समितीसमोर जातेय. पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, तेव्हा धावत यायचं नाही. मूळ कागद तू फाडला नसशीलच, तुझ्याच्यानं ते होणार नाही. तो फाइलमध्ये होता तिथे परत लाव.

समिती तुला पुन्हा बोलावेल. आयुष्यात एकदा तोंड उघड आणि म्हण, "हो, ताईला माहीत होतं." माझ्याकडे बघून म्हण. मी मान खाली घालणार नाही.

जिला माहीत होतं ती,
तुझी ताई